पेंडीमुळं कालवड अडली म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, 1 स्टार दिलाव, ठीक हाय, वासरू ओढून काढायची वेळ आली की कुणीबी चिडतंच, दोन्ही जीव वाचले हे लई बरं झालं. पण तुम्ही लिहिलाव की आमच्या दुकानातली पेंड खाऊन वासरू पोटात मोठं झालं, आठव्या महिन्यात खुराक बंद करायचा सोडून आम्ही माल खपवायला वाढवायला लावला, ते पटत नाही. अन् हे वाचून दुसरं कुणी गाभण कालवड उपाशी ठेवंल म्हणून इथंच लिहायलोय.

तुम्हीच टाकलेला फोटो बघा की. कालवड लाल कंधारी, म्हणजे आपली देशी जात, अन् वासरू काळं-बांडं, लांब ढांगाचं, म्हणजे एचएफचं (होल्स्टिन, मोठ्या अंगाची परदेशी जात) सिमेन, वळूचं वीर्य, भरलेलं. शुद्ध एचएफचं वासरू 40 किलोच्या आसपास भरतं, हे अर्धं त्याच वळणाचं, ते पहिलारू कंधारीच्या कमरेतून सहज निघंल कसं? त्यात पहिल्याच माजाला भरवली असं तुम्हीच दुकानात बोलला होताव. पूर्ण गाईच्या वजनाच्या 60-65 टक्के तरी कालवड भरल्याशिवाय भरवू नये, कोणताबी डॉक्टर हेच सांगंल.

राहिला खुराक. शेवटच्या 3 महिन्यांतच वासराचं बहुतेक वजन वाढतं अन् कालवड स्वतःबी अजून वाढतच असती. नुसत्या कडब्यावर अन् सोयाबीनच्या भुसकटावर ठेवली तर वासरू फार काही बारीक होत नाही, कालवडच खंगते, कळा द्यायला जोर राहत नाही, चीक कमी येतो, पुन्हा माजावर यायला महिने जातेत. म्हणून दीड किलो पेंड अन् 50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर सांगितलं होतं. माल खपवायचा असता तर 4 किलो सांगितलं नसतं का! जास्त चारून चरबी चढली तरीबी कालवड अडती, म्हणूनच सांगतो की बरगड्या लांबून दिसू नयेत पण हात फिरवला की लागाव्यात.

जार (वासरामागून पडणारी वार) पडली का ते लिहिलं नाहीत. जार आत अडली असंल तर हातानं ओढू नका, डॉक्टरला बोलवा. न उघडलेलं पोतं असंल तर आणून द्या, पैसे वापस करतो, पण तिचा खुराक आता तोडू नका, अंगावर वासरू हाय तिच्या. अन् पुढच्या वेळी कंधारीचंच सिमेन मागा.