आवळ की अजून जरा!

कासची फुलं बघायला पुण्याहून मावशी आलेली, गाडीत पाच माणसं, डिकीत डबे, आणि मागच्या सीटवर मधोमध आमचे मेहुणे, ज्यांच्या वजनाबद्दल मी काही बोलणार नाही कारण हे घरी वाचलं जातं. येताना यवतेश्वरचा घाट निवांत उतरलो आणि समर्थ मंदिराच्या अलीकडं खालनं खण्णकन आवाज आला. मावशी म्हणाली, "काय पडलं का रे?" पडलं नव्हतं, फुटलं होतं. मिनिटभरात डॅशबोर्डवर तो किटलीचं चित्र असलेला लाल दिवा. शहाणपणाची गोष्ट एकच केली, इंजिन जाग्यावर बंद केलं, नाहीतर तेलाच्या दाबाशिवाय बेअरिंगं धरली असती आणि गाडी भंगारात गेली असती.

फुटलं होतं ते ज्याला पुस्तकात ऑइल संप म्हणतात ते आपलं चेंबर, इंजिनच्या बुडाला लावलेलं तेलाचं पातेलं. गॅरेजवाला म्हणाला, गणपती झाल्यावर बघू. म्हटलं सोळा बोल्ट तर आहेत, दहा नंबरचा पाना आहे, मीच करतो. (हे वाक्य बायकोनं नंतर बऱ्याच पाहुण्यांना ऐकवलं.)

नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली दोन स्टँड लावले, उरलंसुरलं तेल काढलं, बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं कंदी पेढ्याच्या बॉक्सच्या झाकणात भोकं पाडून खोचले. सोळाच्या सोळा निघाले तरी चेंबर जाग्यावर ढिम्म. कुणीतरी आधी ढीगभर सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवायचा चिकट मसाला, लावून चिकटवलेलं. कडेला पातळ पट्टी घालून जरा ठोकलं तर ते असं काही सुटलं की आत राहिलेलं काळं तेल माझ्या कानात. खाली धरलेली परात कणकेची होती हे मला खरंच माहीत नव्हतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खुर्ची घेऊन आले. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळं मी त्यांचं ऐकत गेलो. नवीन चेंबर, त्यावर कॉर्कचं पॅकिंग, आणि काका वरनं, "आवळ. आवळ की अजून जरा. लोखंडच हाय, काय हुतंय त्याला?" आवळलं. पॅकिंग कडेनं जिभेसारखं बाहेर आलं, पत्र्याची कड बोल्टापाशी वाकली, आणि तेल ओतल्यावर सकाळी फरशीवर सातारा जिल्ह्याचा नकाशा.

काका एसटीत कंडक्टर होते हे मला त्या दिवशी कळलं.

मग सगळं परत. कड लाकडावर ठेवून हातोडीनं सरळ केली, दोन्हीकडचा जुना मसाला खरवडला, पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडं केलं कारण तेलकट जागेवर सिलिकॉन धरतच नाही. यावेळी पॅकिंगला सुट्टी. सिलिकॉनची बारीक सलग धार, बोल्टाच्या भोकाला आतल्या बाजूनं वळसा देऊन. जास्त लावलं तर आत लोंबतं, तुटून तेलात पडतं आणि पंपाच्या जाळीत अडकतं, मग पुन्हा तोच लाल दिवा. बोल्ट मधनं सुरू करून आलटून पालटून बाहेर, आणि टॉर्क पाना (किती जोरानं आवळायचं ते ज्यावर ठरवता येतं तो) फक्त 10 न्यूटन मीटरवर. काकांना म्हटलं, मीटरभर लांब पान्याच्या टोकाला एक किलो साखर टांगली तर जेवढं आवळेल तेवढंच. काका म्हणाले, "एवढ्यानं काय हुतंय?"

सिलिकॉन वाळायला 24 तास. गाडी स्टँडवर, तेल कॅनमध्ये, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतोय, "झाली का?" दूधवाल्यानंसुद्धा वाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तेल भरलं, इंजिन चालू केलं, दिवा विझला, खाली पेपर टाकून ठेवला. सकाळी पेपरावर एक टपोरा काळा थेंब! पोटात गोळा. गाडीखाली आडवा होऊन सोळाही बोल्टांवरनं बोट फिरवलं, सगळे कोरडे. थेंब पेपराच्या कडेला होता, काकांच्या स्कूटरखाली.

काका खुर्ची घेऊन उतरतच होते. "हां, ते टपकतंय चार म्हैने झालं. आता तुला येतंय तर बघ की जरा."