गाळपेराला बांध घालण्याआधी

गावाकडे फोन केला की हल्ली एकच विषय निघतो. उन्हाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचा फुगवटा ओसरला की जी गाळपेर जमीन उघडी पडते, तिला कायमचा बांध घालायचा, मोटारींनी पाणी उचलायचं आणि केळी लावायची, असा काही जणांचा आग्रह आहे. परवा नाना म्हणाले, "तुमच्या हॉलंडवाल्यांनी समुद्र हटवला. आपल्याला एवढंही जमू नये?"

मी राहतो ते हॉलंडमधलं लेलिस्टाड गाव खरोखरच तळ्याच्या तळावर वसलंय. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून उपसागराचं तोंड बंद केलं, आत गोडं तळं झालं आणि १९५७ मध्ये त्यातला हा तुकडा कोरडा झाला. अजूनही इथल्या शेतात शिंपले सापडतात. पण पाणी हटलं म्हणून लगेच कुणी नांगर धरला नाही. आधी विमानातून लव्हाळ्यासारख्या गवताचं बी फेकलं, त्याच्या मुळांनी चिखलातलं पाणी ओढून घ्यावं म्हणून. मग चर खणले. पहिली काही वर्षं शेती सरकारनेच केली. माती बसल्यावर ती शेतकऱ्यांच्या हाती दिली. आधी निचरा, मग पाणी. आपल्या काळ्या जमिनीला निचऱ्याशिवाय बारमाही पाणी दिलं की ती चिबडते, हे नानांना मी सांगायची गरज नाही.

माझा खरा विरोध मात्र बांधाला आहे. गाळपेर म्हणजे धरणाचं पोट. तिथे बांध घातला की पाणी साठायची जागा तेवढी कमी होते. पूर्णा आणि तापी चांगदेवजवळ भेटतात, पावसाळ्यात दोघींचं पाणी एकदम येतं; बांधाने अडलेलं ते पाणी दुसऱ्याच्या शिवारात शिरणार. हॉलंडचा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगावं की लेलिस्टाडच्या पश्चिमेला आणखी एक मोठा तुकडा कोरडा करायचा होता, त्यासाठी धरणासारखा बांधही झाला, आणि शेवटी ते तळं तळंच ठेवलं.

इथून घ्यायचं असेल तर पाणी-मंडळ घ्या. पंप आणि चर सांभाळायला लोक वेगळा कर भरतात आणि मंडळासाठी मतदानही करतात. आपल्याला हे नवं नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत एका फडात, म्हणजे जमिनीच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक, पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार.

गेल्या मे महिन्यात गावी होतो. पाणी मागे सरकेल तसा एकेक जण पाइप जोडत होता. भेगाळलेल्या चिखलातून पाच-सहा पाइप शेजारी शेजारी गेलेले, आणि प्रत्येकाच्या टोकाला स्वतंत्र डिझेल इंजिन. ते एकत्र करा. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना गाळपेराचा पहिला हक्क द्या, पावसाआधी निघतील अशी कलिंगडं-काकड्या घ्या आणि पाणीपाळी ठरवायला आपल्यातलाच एक पाटकरी नेमा. नाना, ते काम तुम्हीच हाती घ्या, इंजिनाच्या खर्चातला माझा वाटा मी देतो.