ईएसपीची फ्लॅश दोन महिन्यांत मरते, हे खरं नाही

ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या चिप, आणि फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी त्यांची मेमरी. त्याबद्दल सध्या एक सल्ला फार फिरतोय: "ईएसपीच्या फ्लॅशमध्ये कॉन्फिग फाइल ठेवू नका. फ्लॅश लाखभर वेळाच लिहिता येते, दोन महिन्यांत चिप संपेल. लाइट गेली की फाइल उडते, फर्मवेअर बदललं की सेटिंग जातात. त्यापेक्षा ईईप्रॉम लायब्ररी वापरा." (फर्मवेअर म्हणजे चिपवर चालणारा प्रोग्राम; ईईप्रॉम म्हणजे एकेक बाइट बदलता येणारी कायमची मेमरी.) नवशिके यावर विश्वास ठेवून चुकीची वाट धरतात, म्हणून लिहितोय.

लाखाचा आकडा बरोबर आहे, पण तो लिहिण्याचा नाही, पुसण्याचा आहे, आणि तोही प्रत्येक सेक्टरचा, म्हणजे फ्लॅशच्या प्रत्येक तुकड्याचा, वेगळा. फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० होतो. ० चा परत १ करायचा तर ४,०९६ बाइटचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो. झीज तिथे होते. ईएसपी३२ ची एनव्हीएस, म्हणजे फ्लॅशमध्ये सेटिंग साठवण्याची तयार सोय, जुन्या नोंदीवर लिहीतच नाही. जुनीवर रद्दची खूण करते आणि नवी पुढच्या मोकळ्या ३२ बाइटमध्ये टाकते. एका पानात, म्हणजे एका सेक्टरमध्ये, अशा १२६ नोंदी मावतात, नेहमीच्या पार्टिशनमध्ये (एनव्हीएससाठी राखलेल्या फ्लॅशच्या भागात) ६ पानं असतात आणि ती आळीपाळीने वापरली जातात. बाकी नोंदी थोड्या असतील, तर मिनिटाला एक आकडा साठवूनही हिशोब शंभर वर्षांच्या आसपास जातो.

आता सुचवलेला पर्याय बघा. ईएसपी८२६६ मध्ये खरी ईईप्रॉम नाहीच. ती लायब्ररी फ्लॅशचाच एक ठरलेला सेक्टर वापरते, आणि एक बाइट बदलून कमिट केलं (बदल फ्लॅशमध्ये उतरवला) तरी तो पूर्ण पुसते. मिनिटाला एक कमिट धरा: १,००,००० भागिले १,४४०, म्हणजे ६९ दिवस. दोन महिन्यांचा धोका आहे तो इथे!

फ्लॅशमध्ये फाइली ठेवायला स्पिफ्स आणि लिटलएफएस अशा दोन फाइल सिस्टिम आहेत. लाइट जाण्याचा मुद्दा स्पिफ्सपुरता खरा आहे. लिहायला उघडली की फाइल आधी रिकामी होते; नेमकी तेव्हा वीज गेली आणि माझ्या हाती शून्य बाइटची फाइल उरली होती. लिटलएफएसमध्ये नवी फाइल नीट बंद होईपर्यंत जुनी शाबूत राहते. ईएसपी८२६६ च्या आर्डुइनो कोअरने (आर्डुइनोमधून ही चिप प्रोग्राम करायच्या सॉफ्टवेअरने) स्पिफ्स केव्हाच कालबाह्य ठरवलंय, तरी जुन्या ट्युटोरियलमधून ते कॉपी होत राहतं.

फर्मवेअर बदलण्याचं म्हणाल, तर ओटीए अपडेट (वायफायवरून नवं फर्मवेअर चढवणं) फाइल सिस्टिमच्या भागाला हातच लावत नाही. सेटिंग जातात ती पूर्ण फ्लॅश इरेज केल्यावर, किंवा वेब पानांसाठी फाइल सिस्टिमची नवी इमेज चढवल्यावर.

खरी काळजी त्या सल्ल्यात आलीच नाही. ईएसपीटूलने (संगणकावरून चिपची फ्लॅश वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रामने) फ्लॅश वाचून काढली, तर फाइलमधला वायफायचा पासवर्ड जसाच्या तसा दिसतो. ईएसपी३२ वर फ्लॅश एन्क्रिप्शन (फ्लॅशमधली माहिती सांकेतिक रूपात ठेवणं) आहे, पण ते आपण चालू करावं लागतं.