शेक्सपिअरची खुर्ची आणि साताऱ्याची वाघनखं

साताऱ्याच्या मावसभावानं ग्रुपवर पुन्हा तोच विषय काढला. लंडनच्या म्युझियमनं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर दिलेली वाघनखं महाराजांचीच कशावरून? ते म्युझियमच छातीठोकपणे सांगत नाही, मग एवढे ढोल कशाला वाजवले?

मी तेव्हा पोलंडमधल्या पुवावी गावी गाडीतून उतरत होतो. रविवार, वॉर्सात सगळं बंद, म्हणून निघालो होतो. झाब्का या कोपऱ्यावरच्या दुकानातून हॉटडॉग घेतला आणि खातखात चार्तोरिस्की या सरदार घराण्याच्या राजवाड्याकडे चालू लागलो.

राजवाड्यात आता शेती-माती संशोधनाची संस्था आहे. गंमत आहे ती मागच्या बागेत. झाडीतून उताराच्या कडेशी आलं, की गोल खांबांचं एक देऊळ लागतं. सिबिलेचं, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईचं देऊळ, १८०१ सालचं. देव नाही आत. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला, तेव्हा इझाबेला चार्तोरिस्का या त्याच घराण्यातल्या बाईनं देशाच्या आठवणी ठेवायला ते बांधलं. दारावर कोरलंय : ‘भूतकाळ, भविष्यासाठी’. पोलंडमधलं हे पहिलं म्युझियम. मी पोचलो तेव्हा दार बंद होतं. कुलपाकडे बघत उभा राहिलो आणि तिथूनच भावाला उत्तर टाईप केलं.

याच बाईनं १७९० मध्ये स्ट्रॅटफर्डहून शेक्सपिअरची म्हणून एक खुर्ची विकत आणली होती. त्याचीच कशावरून? देव जाणे. लिओनार्दोचं एर्मिनवाली बाई (एर्मिन म्हणजे मुंगसासारखा पांढरा प्राणी) हे चित्र याच बागेतल्या गॉथिक घरात होतं आणि त्यावर कुणीतरी भलत्याच बाईचं नाव रंगवून ठेवलं, ते अजून तसंच आहे. म्हणून कुणी ते चित्र फेकून दिलं का? १८३१ च्या रशियाविरुद्धच्या उठावानंतर रशियनांनी जहागीर जप्त केली. त्याआधी वस्तू लपवून बाहेर काढल्या, त्या पॅरिसमार्गे पोलंडमधल्याच क्राकूफला पोचल्या. लोकांनी जपल्या, बस. तुम्ही नुसता कीस पाडत बसा.

हे सगळं पाठवलं. २०१६ मध्ये पोलिश सरकारनं चार्तोरिस्कींचा तो संग्रह दहा कोटी युरोंना घेतला, तेव्हा ‘वस्तू देशातच होत्या, मग पैसे कशाचे’ म्हणून इथेही खडाजंगी झाली होती, ते मात्र लिहिलं नाही. बागेतल्या बाकावर चाकूनं कोरलेले बदामही फोटोत येऊ दिले नाहीत.

भावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘तू तिकडं बसून आम्हाला नको शिकवूस. शेवटचा गड कधी चढलास?’

अकरा वर्षं झाली. खिशात कार्टा पोबितू, म्हणजे इथल्या रहिवासाचं कार्ड आहे, वॉर्साच्या घरात टेबलावर अजिंक्यताऱ्याचा दगड आहे. लेकीला सांगून ठेवलंय, हा गडावरचा. ती तो पोलिश मैत्रिणींना दाखवते, आणि त्या दोन्ही हातांनी जपून घेतात.

परतीच्या गाडीत भावाला लिहायला घेतलं आणि पुसलं. गड चढायला गेलो त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता, मी निम्म्यातूनच परतलो होतो. दगड पायथ्याच्या रसवंतीपाशी उचलला, तो पाय पुसायच्या फडक्याखाली ठेवलेला होता.