चुलीत घाला तो गिगाबिट

नेटची तक्रार कुठलीही असो, उत्तर ठरलेलं: "मॅडम, प्लॅन अपग्रेड करून घ्या." मीटिंगमध्ये आवाज तुटतो? मोठा प्लॅन घ्या. आतल्या खोलीत रेंज येत नाही? मोठा प्लॅन घ्या. एखादी साइट उघडता उघडत नाही? मोठा प्लॅन. उद्या बॉक्समधून धूर येतोय म्हणून फोन केला, तरी पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणेल, "मॅडम, आमच्या एक गिगाबिटच्या प्लॅनमध्ये ना..." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

आधी हिशोब मांडते, कारण जाहिरातीत तो कधीच नसतो. फोर-के चित्रपट बघायला किती स्पीड हवा, तर नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं 15 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 15 मेगाबिट. पंधरा! फुल एचडीला 5. ग्रुप व्हिडिओ कॉलला तीन-चार. ऑनलाइन गेम खेळताना तर बहुतेक वेळा 1 एमबीपीएसही लागत नाही. म्हणजे घरातल्या चौघांनी चार खोल्यांत कोंडून घेऊन एकाच वेळी चार फोर-के चित्रपट लावले (आणि एकमेकांशी बोलणं कायमचं बंद केलं), तरी 60. शंभरचा प्लॅन पुरून उरला. मग एक गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस, कशाला? तर म्हणे, "अख्खा चित्रपट काही सेकंदांत डाउनलोड!" अहो, पण हल्ली चित्रपट डाउनलोड करून बघतंय कोण? आणि केला काही सेकंदांत, तरी बघायला दोन तास लागायचे ते लागणारच ना?

बरं, हा हजार घरात कुठपर्यंत पोचतो? दारापर्यंत. आमच्याकडे फायबर जोडायला आलेल्या माणसाने वायर जिथून आत शिरली तिथेच, चपलांच्या कपाटावर, बॉक्स ठोकायला घेतला. मी म्हटलं, "दादा, मधल्या खोलीत लावा ना." "वायर तेवढी नाही ताई." मग मोबाईल बॉक्सला जवळजवळ चिकटवून धरला, स्पीड टेस्ट चालवली, "बघा, तीनशेच्या तीनशे येतायत" म्हणाला, सही घेतली आणि गेला. मी काम करते आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिथे तीनशेचे चाळीस होतात, आणि दार लावलं की आणखी कमी. आता सांगा, या घरात हजार आणून ओतले तर त्या दोन भिंती काय "या, बसा" म्हणणार आहेत?

वायफायचं गणित साधं आहे. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीन, आणि त्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर कलकलाट करत असतात. 5 गिगाहर्ट्झला वेग आहे, पण भिंत दिसली की ती अंग चोरते. वायफाय 5 वाला नेहमीचा दोन अँटेनांचा फोन राउटरशी जास्तीत जास्त 866 एमबीपीएसने बोलतो, तेही कागदावर. समोर उभं राहून प्रत्यक्षात मिळतात पाचशे-सहाशे. टीव्हीचं तर विचारूच नका. कित्येक फोर-के टीव्हींच्या मागे जे नेटवर्कचं पोर्ट असतं ते 100 एमबीपीएसचं. मागून लाख आणून जोडा, ते शंभरच गिळणार. मधल्या खोलीपर्यंत एक साधी कॅट 5ई वायर ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा आणखी एक डबा) लावला, तर निम्मी रड थांबते. ती वायर 100 मीटरपर्यंत गिगाबिट आरामात नेते. पण वायर ओढून देण्यात दरमहा कमाई कुठे आहे?

खरी तळपायाची आग मस्तकात जाते ती अपलोडच्या बाबतीत.

मीटिंग चालू आहे, मी बोलतेय, आणि समोरून "तुझा आवाज कट होतोय", "ताई, तुम्ही फ्रीझ झालात". त्याच वेळी आमचे चिरंजीव बाहेरून आलेले असतात. त्यांचा फोन वायफाय पकडतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ मुकाट्याने क्लाउडवर चढवायला लागतो. अपलोडची वाट भरली की पुढचा सगळा डेटा बॉक्सच्या पोटात रांगेत उभा राहतो, आणि बॉक्स बनवणाऱ्यांनी ती रांग भलीमोठी ठेवलेली असते. समजा 2 मेगाबाइटची, म्हणजे 16 मेगाबिटची, रांग साठली आणि अपलोड 20 एमबीपीएस आहे, तर त्या रांगेच्या शेपटीला उभ्या असलेल्या माझ्या शब्दाला नुसतं घराबाहेर पडायला 0.8 सेकंद लागतात. एवढ्यात समोरच्याला वाटतं मी गप्प झाले, तो बोलायला लागतो, माझं वाक्य त्याच्या वाक्यावर आदळतं, मग दोघंही "सॉरी, बोला तुम्ही". मग दोघंही परत गप्प. त्या क्षणी डाउनलोड तीनशे असो की तीन हजार, काडीचा फरक पडत नाही.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात आणि ते काही आजचं नाही. रांग आटोक्यात ठेवण्याची कोडेल नावाची पद्धत नेटवर्क-तज्ज्ञ कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्येच मांडली. तिची पुढची आवृत्ती, एफक्यू-कोडेल, 2018 मध्ये आरएफसी 8290 म्हणून (इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत) प्रसिद्ध झाली. चांगल्या राउटरमध्ये हा पर्याय असतो. तो चालू करायचा, अपलोडची मर्यादा प्रत्यक्षापेक्षा थोडी खाली बांधायची, की फोटो एका बाजूने सावकाश जातात आणि बोलणं दुसऱ्या बाजूने सटकन निघतं. औषध फुकट आहे हो! पण कंपनीने दिलेल्या बॉक्सचा ॲडमिन पासवर्ड मागितला तर "तो कस्टमरला देता येत नाही मॅडम."

मग कंपनीच्या त्या फोनवरच्या मुलीला मीच विचारलं, "ठीक आहे, हजारच्या प्लॅनला अपलोड किती मिळेल?" शांतता. "एक मिनिट होल्डवर ठेवते." आणि संगीत. ते संगीत इतका वेळ चाललं की त्याची चाल मला पाठ झाली. परत आली ती म्हणाली, "मॅडम, या प्लॅनमध्ये स्पीड खूपच छान आहे." अपलोड वाढला तर फोटो लवकर चढून मोकळे होतील आणि रांग लवकर ओसरेल, हे मलाही मान्य आहे. पण आकडा सांगा की! पैसे मागताना जीभ अडखळत नाही, मग आकडा सांगतानाच का दातखीळ बसते?

साइट हळू उघडण्याचंही तसंच. गूगलच्या माइक बेल्शी यांनी 2010 मध्येच मोजून दाखवलं होतं की 5 एमबीपीएसच्या पुढे स्पीड वाढवून पान उघडण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो डेटाच्या जाण्यायेण्याच्या वेळेने. तेव्हापेक्षा आजची पानं कितीतरी जड झालीत, म्हणून पाचाचे पंचवीस करा हवं तर, पण हजार? कनेक्शन सुरू होताना सर्व्हर पहिल्या खेपेला जेमतेम 14-15 किलोबाइट पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग वाढवतो. छोटं पान वेग धरायच्या आधीच संपतं. आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर 5,000 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 50 मिलिसेकंद लागणारच. प्रकाशाला अपग्रेड करायचा प्लॅन अजून कुणी काढलेला नाही. (काढतीलही. यांचा भरवसा नाही.)

यात भर घालायला आमचे भावोजी. फॅमिली ग्रुपवर स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट: 940. खाली टाळ्या. ती टेस्ट जवळच्या सर्व्हरशी, एकदम अनेक कनेक्शनं उघडून, वायर लावून केलेली. भावोजी दिवसभर काय करतात? बातम्या वाचतात आणि सकाळी फुलांचे फोटो पाठवतात.

आणि गंमत सांगू? कंपनीलाही हे पक्कं माहीत आहे. जीपॉनच्या (घरोघरी फायबर पोचवण्याच्या नेहमीच्या तंत्राच्या) एका धाग्यावर डाउनलोडला 2.5 गिगाबिटच्या आसपास असतात आणि तो धागा 32 किंवा 64 घरांत वाटलेला असतो. त्यातल्या तिघांनी एकाच वेळी पूर्ण हजार ओढायचं म्हटलं तरी पुरणार नाही. तरीही सगळ्यांना हजार विकता येतात, कारण कुणी ते वापरतच नाही. तुम्ही वापरणार नाही या खात्रीवर ते तुम्हाला विकताहेत!

फायबरवर माझा राग नाही, तेवढं स्पष्ट करते. तांब्याच्या तारेपेक्षा फायबर शंभर पटींनी बरं. अंतराने वेग गळत नाही, पिंग (डेटाच्या जाण्यायेण्याचा वेळ) स्थिर राहतो. शंभरचं का होईना, मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. आणि ज्यांना रोज मोठमोठे व्हिडिओ चढवायचे असतात, किंवा ज्यांच्या घरात 100 जीबीचे गेम सारखे उतरवले जातात, त्यांनी खुशाल हजार घ्यावेत. शंभरवर तो गेम उतरायला सव्वादोन तास लागतात, हजारवर साडेतेरा मिनिटं. त्यांचा पैसा वसूल आहे. पण मेल, मीटिंग, मालिका आणि मुलाचा अभ्यास एवढंच ज्या घरात चालतं, त्यांच्या गळ्यात हे लोढणं कशासाठी?

आता तर दोन गिगाबिटचे मेसेज यायला लागलेत. माझ्या लॅपटॉपचं नेटवर्क पोर्टच मुळात एक गिगाबिटचं आहे, तेव्हा दोन घेऊन करू काय, असं मी त्यांना लेखी विचारलं. लगेच उत्तर आलं: "अभिनंदन! अपग्रेडसाठी तुमची विनंती नोंदवली आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील."