अलाऊ की डिनाय?

२००३ सालच्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरी विंडोज एक्सपी होतं, त्यांना एक मिनिट म्हणजे नेमका किती वेळ, हे पाठ झालं होतं. फोनची लाईन जोडली, मोडेमने खोकून-खाकरून घेतलं, की थोड्या वेळाने पडद्यावर एक चौकट यायची. कॉम्प्युटर बंद होतोय, चालू काम सेव्ह करा. खाली ६० पासून उलटे आकडे. आणि हा हुकूम कोणाचा, तर 'एनटी ऑथॉरिटी सिस्टिम'चा. आमचे आप्पा बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. 'ऑथॉरिटी' वाचल्याबरोबर त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "वरून ऑर्डर आहे," म्हणाले.

वरून नव्हती. ब्लास्टर नावाचा एक किडा, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम, ११ ऑगस्टपासून जगभर पसरला होता, त्याचा हा प्रताप. त्याला तुम्ही मेल उघडायची गरज नव्हती, भलतीकडे क्लिक करायची गरज नव्हती. नेटला जोडलेले आहात, एवढा गुन्हा पुरे. १३५ नंबरच्या पोर्टातून, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटकडच्या दारातून, तो सरळ आत. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उतारा, म्हणजे दुरुस्तीचा पॅच, १६ जुलैलाच काढला होता. पण तो उतरवून घ्यायला नेट जोडावं लागे, आणि नेट जोडलं की किडा हजर. आमच्या मोडेमच्या वेगाला साठ सेकंदांत उतारा सोडाच, त्या पानाच्या डोक्यावरचं चित्रही पुरतं येत नसे. किड्याच्या पोटात म्हणे बिल गेट्ससाठी एक निरोपही लिहिलेला होता: पैसे कमावणं थांबव आणि आधी तुझं सॉफ्टवेअर नीट कर. निरोप बिल गेट्सला, शटडाऊन डोंबिवलीला.

शेवटी भाचा आला. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवर एक फुकटची फायरवॉल, म्हणजे नेटवरच्या ये-जा करणाऱ्यांवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर, होती, ती त्याने घातली. एक्सपीच्या पोटातही एक फायरवॉल असते, पण ती बंद ठेवूनच देतात आणि ती फक्त आत येणाऱ्यांना अडवते, ही नवी बाहेर जाणाऱ्यांनाही अडवते, असं त्याने समजावलं. "मामा, तुझ्या कॉम्प्युटरला ६५,५३६ दारं आहेत."

"आणि घराला एकच," स्वयंपाकघरातून आवाज आला, "तेही पावसाळ्यात फुगून लागत नाही. त्याचं बघा आधी."

किडा गेला. साठ सेकंदांची चौकट बंद झाली आणि तिच्या जागी दुसऱ्या चौकटी सुरू झाल्या. 'जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस' बाहेर जाऊ इच्छितो. अलाऊ की डिनाय? 'स्पूलर सबसिस्टिम ॲप' बाहेर जाऊ इच्छितो. अलाऊ की डिनाय? हा स्पूलर म्हणजे प्रिंटरचा कारभारी, त्याचं इंटरनेटवर काय काम, हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर, गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, सगळ्यांना बाहेर काहीतरी निकड. एक सॉलिटेअर तेवढं कधी कुठे जातो म्हणालं नाही. घरातला तेवढाच सज्जन.

माझी तक्रार चौकटींबद्दल नव्हती, प्रश्नाबद्दल होती. ज्या गोष्टीतलं आपल्याला काही कळत नाही म्हणून हे सॉफ्टवेअर घातलं, नेमकी तीच गोष्ट ते आपल्याला विचारत होतं. बरं, विचारण्याची वेळ अशी, की आपण रिझर्व्हेशन बघतोय, फोनचे पल्स पडून बिल वाढतंय, आणि समोर 'एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई' नावाचा इसम परवानगीसाठी ताटकळतोय. या नावाचा प्रामाणिक माणूसही असतो आणि याच नावाने फिरणारा भामटाही असतो, असं भाचा वर सांगून गेला होता. ओळखायचं कसं? "फोल्डर बघ ना मामा, सिस्टिम३२ मधला असेल तर खरा." मी फोल्डर शोधेपर्यंत लाईन तुटायची.

घरात त्यावर प्रत्येकाचं धोरण वेगळं. बायकोचं सर्वांत स्वच्छ होतं. डिनाय. दुपारी दोन वाजता बेल वाजवणाऱ्या सेल्समनला तिने आजवर जे उत्तर दिलं, तेच. वर 'हे उत्तर लक्षात ठेवा' या चौकोनात बरोबरची खूण, म्हणजे परत यायला नको मेला. मग मोडेम जोडलेला, दिवे लुकलुकतायत, आणि एकही पान उघडत नाही. साईटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता शोधून आणणारं खातं त्या एसव्हीसीहोस्टच्याच हाताखाली चालतं, हे कळायला भाच्याचा पुढचा रविवार उजाडावा लागला. माझं धोरण, जे समोर आहे ते लवकर जावं. अलाऊ. मुलगा तर चौकट पूर्ण दिसायच्या आत अलाऊ करायचा. जगातल्या बहुतेक फायरवॉली असल्या बोटांच्या भरवशावर उभ्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

आप्पा मात्र दोन्हीत नव्हते. त्यांना कागद हवा होता. त्यांनी एक जुनं लेजर काढलं, रकाने आखले: तारीख, वेळ, कोठून, पोर्ट, मंजूर किंवा नामंजूर, सही. फायरवॉल जे परस्पर अडवत होती, त्याची यादी तिच्या लॉगमध्ये असायची. तीही आप्पा रोज उतरवून घेत. बहुतेक ओळी १३५ च्याच, कारण जगात लाखो कॉम्प्युटर अजून ब्लास्टरने झपाटलेले होते आणि दिसेल त्याचं दार ठोठावत होते. एकदा १२७.०.०.१ हा पत्ता आला. तो आपल्याच मशीनचा असतो म्हटल्यावर आप्पा फार गंभीर झाले. "आपला माणूस आपल्याच घरात यायला परवानगी मागतो, म्हणजे काहीतरी लफडं आहे." नामंजूर. त्या दिवशी मुलाचा कुठलासा गेम चालेना.

पत्ता कोणाचा ते सांगणारी साईट त्यांना दाखवली, ती मात्र महागात पडली. लॉगमधले ६१ ने सुरू होणारे पत्ते तिथे टाकले की उत्तर येई: एपनिक, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया. मार्च अजून ताजा होता. २३ तारखेला जोहान्सबर्गला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पाँटिंगने आपल्याविरुद्ध नाबाद १४० ठोकले, ऑस्ट्रेलियाने दोन बाद ३५९ केले, आणि त्या रात्री आप्पा जेवले नव्हते. आता त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी ३५९," म्हणाले, "आता १३५." एपनिक ही आख्ख्या आशिया-पॅसिफिकला पत्ते वाटणारी संस्था आहे, तिचं ऑफिस फक्त ब्रिस्बेनला, पत्ता वापरणारा आपल्याकडचाच कोणी बापडा असू शकतो, हे भाच्याने परोपरीने सांगितलं. आप्पांनी 'कोठून' या रकान्यात ऑस्ट्रेलियाच लिहिलं.

याच काळात आप्पांची दुसरीही एक लढाई चालू होती, सोसायटीच्या चेअरमनशी. पाण्याच्या पंपाचा हिशोब. त्यावरचं पत्र ते महिनाभर टाईप करत होते. एक्सपीत आमची लॉगिन वेगवेगळी, म्हणून मला शुद्धलेखन तपासता यावं यासाठी ते पत्र 'शेअर्ड डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवत. घरातल्या सगळ्यांसाठी असलेलं हे फोल्डर. पत्रात चेअरमनबद्दल 'अफरातफर' हा शब्द होता, आणि आणखी एक होता, तो मी काढायला सांगितला होता.

दिवाळीच्या सुमाराला डायल-अपला कंटाळून आम्ही केबलवाल्याचं इंटरनेट घेतलं. त्या वेळचं केबलवाल्याचं इंटरनेट म्हणजे गच्चीवरून गच्चीवर टाकलेली वायर आणि लिफ्टच्या खोलीत टांगलेला डबा. आमची बिल्डिंग, शेजारची बिल्डिंग आणि पलीकडची चाळ, सगळे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कात. जोडायला जो पोरगा आला, त्याने लॅनकार्ड घातलं, वायर खोचली, कसलासा विझार्ड दोन-चारदा नेक्स्ट नेक्स्ट करून संपवला. नेट चालेना. फायरवॉलने नवं नेटवर्क दिसल्याची चौकट वर काढली होती. विश्वासाचं आहे का, असं ती विचारत होती. पोराने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळाजवळच्या तिच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं.

"काका, ही काढून टाकतो. हिच्यामुळेच होतंय."

"अहो, पण ती सुरक्षेसाठी आहे," मी म्हटलं.

"सगळीकडे काढतो आम्ही. आख्ख्या लाईनला कोणाकडे नाहीये."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. आप्पा लेजर घेऊन आले. असं तोंडी चालणार नाही, कारण लिहून सही करा. त्याने बिचाऱ्याने 'नेट चालत नव्हतं' असं लिहून सही ठोकली, इन्स्टॉलेशनचे पैसे घेतले आणि गेला.

नेट खरंच धावत होतं. आप्पा रेल्वेची साईट इतक्या वेगाने उघडताना पहिल्यांदाच बघत होते. तेवढ्यात मध्येच एक करड्या रंगाची छोटी चौकट उमटली. वर 'मेसेंजर सर्व्हिस' असं लिहिलेलं. ही एक्सपीतली निरोप पाठवायची सोय, ऑफिसातल्या लोकांसाठी ठेवलेली. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने ती बंद केली आणि आतली फायरवॉल चालू करून दिली. पण ते पुढच्या वर्षी. आत्ता निरोप 'कोब्रा' नावाच्या मशीनवरून होता, आणि कोब्रा म्हणजे चेअरमनचा धाकटा, हे मुलाला लगेच ठाऊक होतं.

"आजोबा, तुमचं पंपाचं पत्र शेअर्ड डॉक्युमेंट्समध्ये सगळ्यांना दिसतंय. मी वाचलं. आता पप्पा वाचतायत."

आप्पांनी चष्मा सारखा केला आणि माऊस हातात घेतला. डिनाय कुठे दिसेना. त्या चौकटीला एकच बटण होतं, ओके.