ट्रकपाशी ये, एक ढकलायचंय

लेक नववीत गेली आणि शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागली, तेव्हा माझ्या लेखी बँड म्हणजे २६ जानेवारीचा. पांढरे कॅनव्हासचे बूट, एक ड्रम, संपला विषय. डॅलसजवळच्या आमच्या गावात हे प्रकरण केवढं मोठं आहे याचा पत्ताच नव्हता. फी भरली, नेलं-आणलं, झालं. बूस्टर क्लबच्या, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाच्या, 'व्हॉलंटियर हवेत' अशा मेल यायच्या, त्या न उघडता डिलीट. सगळ्यांना पाठवलेली मेल कुणालाच नसते, असं आपलं गणित.

मग एका संध्याकाळी पार्किंगमध्ये एक ओळखपाळख नसलेला बाप काचेवर टकटक करून म्हणाला, "शुक्रवारी साडेसहाला ट्रकपाशी ये. एक ढकलायचंय." नाही कसं म्हणणार?

ढकलायची होती ती बँडच्या कार्यक्रमातल्या सजावटीची दहा फुटी कमान. खाली चाकं, मागे ब्रेक आणि टेक्सासचा वारा. शाळेच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, हाफटाइमला, बँड मैदानात उतरतो; तेव्हा चार बापांनी ती मैदानावरच्या नेमक्या यार्ड लाइनवर न्यायची, ब्रेक मारायचे आणि पळत कडेला येऊन बसायचं. बसलो. लेक उलट्या पावली, टाचा उचलून, माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. पाच यार्डांत बरोबर आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं, तेही मागे न बघता. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरी रिमोट सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी ती हीच?

तेव्हापासून बूस्टरच्या मीटिंगला जातो आणि एकच तुणतुणं लावतो: 'सर्वांचं स्वागत आहे' असं लिहू नका, माणसाला नावानं हाक मारून काम सांगा. आमच्या हिला कुणीतरी विचारलं, "शिवता येतं का?" तेव्हापासून दर ऑगस्टला डायनिंग टेबलावर युनिफॉर्मच्या पँटींचा ढीग. कुणी उंच झालंय, कुणाची तुरपाई उसवलीय. तिला अजून टचडाऊन म्हणजे काय ते माहीत नाही, काही अडत नाही.

आपली मंडळी येत नाहीत ती उदासीन असतात म्हणून, हे मला पटत नाही. गणपतीच्या ढोल-ताशाला हीच माणसं तापलेल्या गॅरेजमध्ये ढोल ताणत बसतात, कारण "दोऱ्या ओढायला ये" म्हणून कुणाचा तरी फोन आलेला असतो. इथे फुटबॉल कळत नाही, उच्चारांची लाज वाटते, मग कुंपणाबाहेर गाडीत बसून फोन बघायचा. (आणि "बँडचा कॉलेजला उपयोग होतो का हो?" हा प्रश्न कृपया मला विचारू नका. "अभ्यासाचं काय?" हाही नको. शाळेबाहेरचा सराव आठवड्याला ८ तासच, असा टेक्सासात यूआयएलचा, म्हणजे शाळांच्या स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. सामने आणि स्पर्धा त्यात धरत नाहीत, ही गोम वेगळी.)

काल तशाच एका गाडीच्या काचेवर मी टकटक केली. आतला नवा बाप आपला, कोल्हापूरकडचा. शनिवारच्या स्पर्धेला कमानीच्या डाव्या चाकाला माणूस नाही. तो म्हणाला, "पण मला त्यातलं काही कळत नाही हो."

मी त्याला ग्लोव्हज दिले.